एका लंगड्या श्वापदाची साक्ष

नीतीच्या वादांत जनावरांना साक्षीस बोलाविण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. आपल्याकडे पंचतंत्रानें ही प्रथा पाडली, आणि ग्रीस देशांत इसापानें तीच चालविली. मुंगीनें उद्योग शिकवावा, कोल्ह्यानें धूर्तपणा, कुत्र्यानें इमान, आणि वाघानें 'बळी तो कान पिळी' हा न्याय, अशी कामाची वांटणी आपण कधींच करून टाकली आहे. या साक्षीदारांची मोठी सोय अशी कीं, त्यांची उलटतपासणी करतां येत नाहीं. अलीकडे या दरबारांत एक नवा साक्षीदार उभा करण्यांत आला आहे. तो स्वतः जिवंत नाहीं, इतकेंच नव्हे, तर त्याची जातिही पृथ्वीवर उरलेली नाहीं. हा साक्षीदार म्हणजे कॅलिफोर्नियांतील डांबरांत सांपडलेलें, मार्जारकुळांतील एका प्रचंड श्वापदाचें कमरेचें हाड होय. तें हाड विद्रूप आहे. आणि त्याचा धनी लंगडा असूनही पुरा वाढला, यावरून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला आहे कीं, दुर्बळांचा सांभाळ करण्याची वृत्ति ही मनुष्याची कमाई नसून ती हिंस्र पशूंतही पूर्वींपासून होती. या हाडाची साक्ष नेमकी काय आहे, ती कितपत ग्राह्य धरावी, आणि ती ग्राह्य धरली तरी तिच्यावरून आपल्या कर्तव्याविषयीं कांहीं निष्पन्न होतें कीं नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम साक्षीची जागा पाहूं. लॉस अँजेलिस शहराच्या भर वस्तींत रांचो ला ब्रेआ म्हणून एक स्थळ आहे. 'ब्रेआ' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच डांबर. तेथें जमिनीच्या पोटांतील खनिज तेल भेगांवाटे हजारों वर्षें वर झिरपत आलें आहे. त्यांतील पातळ भाग उडून जातो आणि चिकट डांबर मागें उरतें. त्यावर पाचोळा व धूळ सांचली म्हणजे वरून ती साधी जमीनच दिसते. उन्हाळ्यांत हें डांबर मऊ झालें असतां, चार बोटें खोल थरांत पाय रुतला तरी मोठ्या जनावरासही सुटका होणें कठीण. 1901 सालीं विल्यम ऑर्कट या भूगर्भशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें कीं, येथें निघणारीं हाडें गुराढोरांचीं नसून लुप्त झालेल्या प्राण्यांचीं आहेत. त्यानंतर 1913 ते 1915 या काळांत तेथें मोठें उत्खनन झालें, 1969 पासून तें काम नव्या काळजीनें पुन्हां सुरू झालें, आणि 1977 सालीं त्याच जागीं एक संग्रहालयही उभें राहिलें.

या हाडांच्या राशींत एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. कोणत्याही रानांत तृणभक्षक पुष्कळ आणि मांसभक्षक थोडे, हा नियम. येथें तो नेमका उलटा आहे. सस्तन प्राण्यांच्या अवशेषांपैकीं शेंकडा सुमारें 90 अवशेष मांसभक्षकांचे आहेत. एका लुप्त जातीच्या दांडग्या लांडग्यांची संख्या 4,000 च्या वर जाते, आणि ज्या श्वापदाविषयीं आपण बोलत आहों, त्याची 2,000 च्या वर. कारण उघड आहे. एखादा रानबैल किंवा घोडा डांबरांत रुतून आक्रोश करूं लागला म्हणजे तो आक्रोश ऐकून दहा दिशांनीं शिकारी धांवत येत, आणि आयत्या घांसाच्या लोभानें स्वतःच रुतत. नीतिकथा रचणाऱ्यास याहून चांगला विषय मिळणार नाहीं. परंतु तो मोह आम्ही येथें आवरतों.

या श्वापदाचें शास्त्रीय नांव स्मायलोडॉन. पीटर लुंड या डेन्मार्कच्या पंडितानें ब्राझीलमधील गुहांत मिळालेल्या अवशेषांवरून 1842 सालीं तें ठेविलें. लोक याला तरवारीच्या सुळ्यांचा वाघ म्हणतात, परंतु हा वाघाचा पूर्वज नव्हे; मार्जारकुळांतील एका निराळ्याच शाखेचा तो वंशज, आणि ती शाखा समूळ खुंटली आहे. उंचीनें हा सिंहाएवढाच, पण बांध्यानें अधिक भरदार. शेपूट आखूड, पुढचे पाय अस्वलासारखे बळकट, आणि वरचे दोन सुळे सुमारें 7 इंच लांब. हे सुळे दिसावयास भयंकर असले तरी बाजूनें झटका बसल्यास मोडावयाचे. म्हणून सावजाला प्रथम पुढच्या पायांनीं आवळून जमिनीवर दाबून धरावें आणि मगच मानेंत सुळे खुपसावे, अशी याची रीत असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. अशा कुस्तींत पैलवानाला इजा झाल्यावांचून कशी राहील? 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ला ब्रेआ येथील 35,000 हून अधिक हाडें तपासण्यांत आलीं. त्यांत या मार्जाराच्या हाडांपैकीं शेंकडा 4.3, व त्या लांडग्यांच्या हाडांपैकीं शेंकडा 2.8 हाडांवर इजेच्या खुणा आढळल्या. मार्जाराच्या इजा मुख्यतः खांद्याच्या व कमरेच्या भागांत होत्या. म्हणजे अंगाशीं अंग भिडवून लढणाऱ्याच्या होत्या.

आतां मुख्य प्रश्न. हा प्राणी वाघासारखा एकटा राहत होता, कीं सिंहासारखा कळपानें? कळप मातींत उमटत नाहीं. तो तर्कानेंच शोधावा लागतो. 2009 सालीं ख्रिस कार्बोन व त्यांचे सहकारी यांनीं एक मार्मिक तुलना मांडली. आफ्रिकेंतील अरण्यांत, मरणाच्या दारांतील सावजाचा आवाज यंत्रावर वाजविला असतां, जे मांसभक्षक धांवून येतात त्यांत टोळीनें राहणाऱ्या सिंह-तरसांचाच भरणा फार असतो. एकटे राहणारे क्वचित् येतात. ला ब्रेआचें डांबर म्हणजे हजारों वर्षें चाललेला हाच प्रयोग. तेथें स्मायलोडॉन इतक्या संख्येनें यावा, यावरून तोही टोळीनें राहणारा असावा, असा त्यांचा तर्क. 2021 सालीं दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांतून मिळालेल्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत दोन अर्धवट वाढलेल्या स्मायलोडॉनांच्या जबड्यांत एकच आनुवंशिक वैशिष्ट्य आढळलें. म्हणजे तीं भावंडें असावींत. मरतेवेळीं तीं निदान दोन वर्षांचीं होतीं, आणि तरीही बहुधा आईच्याच आश्रयानें राहत होतीं.

त्याच वर्षीं आमचा साक्षीदार पुढें आला. ला ब्रेआच्या संग्रहांतील एका स्मायलोडॉनाच्या कमरेचें व मांडीचें हाड विद्रूप असल्याचें कित्येक दशकांपासून ठाऊक होतें. शिकारींत दुखापत होऊन पुढें सांधा नासला असावा, असाच सर्वांचा समज होता. क्ष-किरणांनीं हाडाचे थरावर थर पाहण्याची जी नवी युक्ति निघाली आहे, तिच्या साहाय्यानें पाहतां निराळेंच दिसलें. खुब्याचा उखळी सांधा जन्मापासूनच नीट बसला नव्हता. उखळी उथळ राहिली होती आणि मांडीच्या हाडाचा गोल तिच्यांत ठरत नव्हता. हा दोष आजही कुत्र्यांत व मनुष्यांत आढळतो. अर्थात् हा प्राणी पाऊल टाकूं लागला तेव्हांपासूनच लंगडा होता. उडी, दौड, झोंबी यांपैकीं कांहींच त्याला इतरांसारखें साधलें नसावें. तरी तो पुरा वाढला. मग त्याला घांस कोणी दिला? त्याच्या गोतानें त्याला शिकारीवर बसूं दिलें असावें, असें संशोधकांनीं सुचविलें आहे.

येथें ज्याच्या डोळ्यांपुढें एक करुण चित्र उभें राहणार नाहीं, तो मनुष्य कठोरच म्हटला पाहिजे. परंतु करुण चित्र आणि पुरावा या दोन वस्तु निराळ्या. प्रतिपक्षाचे आक्षेप लहान नाहींत. मार्जारजातीच्या प्राण्यांच्या जखमा लवकर भरून येतात, व पोटांत घांस नसतां ते बरेच दिवस काढूं शकतात. तेव्हां जखम भरली यावरून कोणी भरविलें असें सिद्ध होत नाहीं. डांबरांत रुतलेलें सावज लंगड्यालाही साधतें, किंबहुना लंगडाच तें अधिक शोधीत येईल. आणि कळप असला तरी त्यानें त्याला 'दिलें' कीं केवळ 'हांकलून दिलें नाहीं', हें हाड सांगूं शकत नाहीं. सिंहांच्या कळपांत शिकार पडल्यावर जो तो आपापल्या बळानें तोंड घालतो. लंगड्याला मागें उरलेलें मिळतें. त्याला दान म्हणणें म्हणजे भाषेची उधळपट्टी करणें होय.

हाच वाद मनुष्याच्या हाडांविषयींही झालेला आहे. इराकमधील शानिदार गुहेंत 1957 सालीं निअँडरथल मानवाचा एक सांगाडा सांपडला. त्याचा एक हात खुरटलेला, एक डोळा बहुधा आंधळा, आणि तरी तो आपल्या काळाच्या मानानें वृद्ध होईपर्यंत जगलेला. हा करुणेचा पुरावा, असें पुष्कळांनीं म्हटलें. त्यावर कॅथरीन डेटवायलर या विदुषीनें 1991 सालीं प्रश्न विचारला कीं, हाडांवरून करुणा वाचतां येते काय? पंगु मनुष्य जगला, यावरून इतरांनीं त्याच्यावर माया केली असें ठरत नाहीं; तो निरुपयोगी होता असेंही ठरत नाहीं; आणि त्याला जगविणें हीच त्याच्यावर केलेली दया, असेंही ठरत नाहीं. हा प्रश्न आम्हांस मर्मीं लागला, आणि त्याचें कारण घरगुती आहे.

आमच्या लहानपणीं आमच्या घरीं वडिलांची एक विधवा आत्या असे. आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं. अर्धांगवायूनें तिची उजवी बाजू गेली होती आणि माजघराच्या कोपऱ्यांत ती अकरा वर्षें अंथरुणावर होती. उद्यां तिचीं हाडें कोणा पंडिताच्या हातीं पडतीं, तर तो लिहिता कीं, या कुटुंबांत दुर्बळांविषयीं अपार करुणा होती. आम्हीं तें घर आंतून पाहिलें आहे. आई तिचें सर्व करी, पण करतांना पुटपुटे. काका 'अजून किती दिवस' असें म्हणत, आणि तें तिला ऐकूं जाई. वडील लोकलज्जेस्तव गप्प असत, कीं मायेनें, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. आम्ही तिच्याजवळ बसत असूं तें तिच्या उशाखालील खडीसाखरेच्या लोभानें. एकदां घरांत कांहीं कार्य असतां तिचें ताट नेऊन देण्याचें काम आमच्याकडे होतें. खेळाच्या नादांत आम्ही तें विसरलों, आणि तिसऱ्या प्रहरीं आठवण होऊन धांवत गेलों. ती म्हणाली, "भूकच नव्हती रे आज मला." पुढें जेवतांना तिचा हात कांपत होता, तो भुकेनें, हें समजण्याइतके आम्ही मोठे होतों. तें ताट त्या दिवशीं उशिरां गेलें, पण गेलें. आणि अकरा वर्षें रोज गेलें.

आतां यांत करुणा कोणती? कर्तव्य, लाज, सवय, कंटाळा, आणि मधूनच खरी माया, असें तें मिश्रण होतें. तें निवडून वेगळें करूं म्हटलें तर आमच्यानें होणार नाहीं. मग दहा हजार वर्षांपूर्वींच्या श्वापदाच्या मनांतील भाव कोण निवडणार? परंतु या आठवणीनें आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही कीं, दुर्बळाचें जगणें इतरांच्या भावनेवर अवलंबून ठेवूं नये. भावना येते आणि जाते; ताट गेलें पाहिजे. आई पुटपुटली म्हणून तिची सेवा खोटी ठरत नाहीं. उलट, मन नसतांही जें अकरा वर्षें चाललें, त्याचें मोल आम्हांस अधिक वाटतें. दुसरी गोष्ट ही कीं, ताट गेलें म्हणजे सर्व झालें असेंही नाहीं. तें कोणत्या शब्दांनीं पुढें ठेविलें गेलें, हें हाडांवर लिहिलें जात नाहीं, पण जेवणाऱ्याच्या मनावर लिहिलें जातें. भूक लागली असें सांगण्याचीही जिला चोरी वाटली, तिला आम्हीं जगविलें खरें, पण ताठ मानेनें जगूं दिलें काय? पहिल्या गोष्टींत कदाचित् ते डांबरांतले पशु आमचे भागीदार असतील. दुसरीचा जाब मात्र मनुष्यालाच द्यावयाचा आहे.

निसर्गाला साक्षीस बोलावण्याचा हा खटला गेल्या दीडशें वर्षांत बराच रंगला आहे. डार्विननें 1871 सालच्या आपल्या ग्रंथांत, आंधळ्या सोबत्यांना भरविणाऱ्या हिंदुस्थानांतील कावळ्यांची हकीकत दिली आहे. कलकत्त्यास असलेल्या ब्लाइथ नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें ती त्याला कळविली होती. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें हेंही नमूद केलें कीं, कित्येक कळप जखमी सोबत्याला हांकून देतात किंवा शिंगांनीं भोसकून मारतात. तो प्रामाणिक होता, म्हणून त्यानें दोन्ही साक्षी नोंदविल्या. त्याच्या मागून आलेल्यांनीं आपापल्या सोयीची उचलली. कोणी म्हणाले, निसर्गांत दुर्बळाला स्थान नाहीं, मग समाजानें तरी कां द्यावें? या विचाराच्या आधारानें विसाव्या शतकांत माणसांवर काय काय अत्याचार झाले, तें सर्वांस ठाऊक आहे. उलट क्रपॉट्किननें 1902 सालच्या ग्रंथांत परस्परसाहाय्य हाच निसर्गाचा मोठा नियम म्हणून दाखविला. हक्सलेनें 1893 सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत तिसराच मार्ग धरला. सृष्टीचा क्रम कसाही असो, नीति त्याचें अनुकरण करण्यांत नसून त्याच्याशीं झगडण्यांत आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें.

आमच्या मतें यांत हक्सलेची बाजू मूळ मुद्यावर खरी आहे. निसर्ग ही स्मृति नव्हे. उद्यां एखादें नवें हाड सांपडून स्मायलोडॉन हा पक्का एकलकोंडा होता असें सिद्ध झालें, तर काय पंगूंचीं ताटें बंद करावयाचीं? आणि तो दयाळू होता असें ठरलें, तर तो सावजाचा गळा फाडीत असे तेंही अनुकरणीय मानावयाचें? जो त्याची दया घेतो, त्यानें त्याचे सुळेही घेतले पाहिजेत. निवड करूं लागलों म्हणजे निवडीची कसोटी आपणच बाहेरून आणली असें झालें. तीच कसोटी नीति होय, आणि ती डांबरांत सांपडत नाहीं.

मग ही साक्ष अगदींच फोल काय? तसेंही आम्हांस वाटत नाहीं. तिनें आज्ञा मिळत नाहीं, पण एक सबब जाते. 'जगाचा नियमच क्रूर आहे, आम्ही काय करणार' असें म्हणून जे हात झटकतात, त्यांना हें विद्रूप हाड उत्तर देतें कीं, क्रूरतेच्या त्या जगांतही एक लंगडा पुरा वाढला. कसा वाढला हें निश्चित नसेल, पण वाढला. दुर्बळाला जागा देणें हें सृष्टीला अशक्य नाहीं. जें पशूला कदाचित् साधलें, तें आम्हांला झेपत नाहीं असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

मात्र कळपाची स्तुति करतांना एक सावधगिरी ठेविली पाहिजे. कळपाची माया कळपाच्या कडेपर्यंतच असते. ज्या वर्तुळांत लंगड्याला घांस मिळाला असेल, त्याच वर्तुळाच्या मध्यभागीं एक रानबैल फाडला जात होता. मनुष्याचीही गोष्ट फार निराळी नाहीं. घरच्या आंधळ्याला सांभाळणारे, जातीच्या अनाथाला वर्गणी देणारे, परक्याच्या बाबतींत किती निर्दय होऊं शकतात, याचा अनुभव कोणाला नाहीं? महाभारताच्या शेवटीं युधिष्ठिराची परीक्षा केवळ भावांच्या वा पत्नीच्या बाबतींत घेतली नाहीं. वाटेंत मागें लागलेल्या एका कुत्र्याच्या बाबतींतही घेतली, आणि त्याला सोडून स्वर्गही नको असें तो म्हणाला. आपल्या कवीला पक्कें ठाऊक होतें कीं, धर्माची खरी कसोटी कळपाच्या बाहेर लागते.

त्या लंगड्या श्वापदाचा अंत कसा झाला असेल, याचा विचार आमच्या मनांत पुनःपुन्हां येतो. कोठेंतरी सावजाचा आक्रोश उठला असेल; गोत धांवलें असेल; हाही आपल्या चालीनें मागून पोंचला असेल, आणि पाय रुतल्यावर इतरांहून लवकर थकला असेल. त्याला ओढून काढणें कोणाच्याही हातीं नव्हतें. आमच्या घरांतील ताट मात्र आमच्या हातीं होतें. आतां घरें लहान झालीं आहेत, माजघरें गेलीं आहेत, आणि अंथरुणास खिळलेल्या वडीलधाऱ्यांची व्यवस्था पगारी माणसांकडे किंवा वृद्धाश्रमांकडे जात आहे. त्यांत सरसकट दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक ठिकाणीं तेथें घरापेक्षां ताट वेळेवर मिळतें. पण ताट कोणीही नेलें, तरी नेणाऱ्यानें घटकाभर तेथें बसावें, आणि भूक लागली होती काय, असें विचारावें. आत्याआजीला आम्हीं तें त्या दिवशीं विचारलें नाहीं, आणि नंतर विचारावयास ती राहिली नाहीं.